वडशाची तारीख : झाडीपट्टीतल्या वार्षिक नाटकाचा इतिहास

मराठी नाटकाचा इतिहास सांगायला घेतला की आपली गाडी ठरलेल्या स्टेशनांवर थांबत जाते. १८४३, सांगली, विष्णुदास भावे. १८८०, पुणे, किर्लोस्करांचं शाकुंतल. मग देवल, खाडिलकर, गडकरी, बालगंधर्व. मग १९३२ साली मराठी बोलपट आला, आणि पुढच्या काही वर्षांत गावोगाव फिरणाऱ्या नाटक कंपन्या एकेक करून बसल्या. इथवर सगळ्यांना पाठ असतं. या गाडीच्या वेळापत्रकात वडसा कुठे येत नाही. आज आपण तिथेच उतरायचं ठरवलं आहे, कारण बोलपटाने फिरतं नाटक संपवलं हे वाक्य वडशाच्या आसपासच्या चार जिल्ह्यांना लागू पडत नाही. तिथे बोलपटानंतर टीव्ही आला, मग व्हिडिओ आला, मग मोबाईल आला, आणि दिवाळी झाली की रात्री दहाला पडदा अजूनही वर जातो. असं का झालं, हा आजचा प्रश्न.

थोडं मागून सुरुवात करू. वार्षिक नाटक म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांना शाळेचं स्नेहसंमेलन आठवतं. परदेशातल्या हायस्कुलांमध्ये नाटकाचा स्वतंत्र विभाग असतो, त्याचे शिक्षक असतात, वर्षाला एक-दोन मोठे प्रयोग ठरलेले असतात. आपल्याकडे तसा विभाग जवळपास कुठेच नाही. जानेवारीत गॅदरिंग, मराठीच्या सरांनी बसवलेली एकांकिका, आणि पडदा ओढायला आठवीतली दोन उंच मुलं. पुढे कॉलेजात गेलं तर पुरुषोत्तम करंडक, तो १९६३ पासूनचा. नोकरी लागल्यावर हौस उरलीच तर राज्य नाट्य स्पर्धा, ती १९५४ पासूनची. म्हणजे शहरात वार्षिक नाटक कुठल्या ना कुठल्या संस्थेच्या आधाराने उभं राहिलं. झाडीपट्टीत मात्र हा विभाग गावाने स्वतःकडे ठेवला. मंडळ गावाचं, वर्गणी गावाची, मंडप गावाच्या बांधीत, आणि नटही बराच काळ गावातलेच. हे नीट समजलं तर पुढचं सगळं समजतं.

झाडीपट्टी म्हणजे गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया हे चार जिल्हे, साधारणपणे. आजचे जिल्हे अलीकडचे आहेत. गडचिरोली २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपुरातून वेगळा झाला आणि गोंदिया १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून. प्रदेश जुना आहे. झाडी म्हणजे जंगल, आणि जंगलाच्या मधल्या मोकळ्या पट्ट्यात धान. उरलेला विदर्भ कापसाचा आणि ज्वारीचा, हा धानाचा. गोंड राजांच्या काळापासूनचे तलाव, ते बांधण्यात कोहळी समाजाचं कौशल्य, पुढे ते मालगुजारांकडे गेले म्हणून आज त्यांना ‘मामा तलाव’ म्हणतात, म्हणजे माजी मालगुजारी. नाटकाच्या व्याख्यानात तलाव कशाला, असं कुणाला वाटेल. सांगतो.

धानाचं एक वेळापत्रक असतं. पावसात रोवणी होते. हलका धान दिवाळीच्या सुमारास कापणीला येतो, भारी धान त्यानंतर, मार्गशीर्षापर्यंत. मग चुरणी, मग धान घरात किंवा बाजारात. दिवाळीपासून होळीपर्यंत शेतकऱ्याच्या हातात दोन गोष्टी एकदम येतात, त्या बाकी वर्षभर एकत्र येत नाहीत : थोडा पैसा आणि थोडी सवड. तिसरी गोष्ट म्हणजे कोरडी, कापलेली, रिकामी बांधी. तिच्यात मंडप घालता येतो आणि बसायला तणस भरपूर असते. कापूसवाल्या शेतकऱ्याला याच दिवसांत वेचणी पुरत असते, त्याला रात्रभर जागून चालत नाही. धानवाल्याला चालतं. झाडीपट्टीतलं नाटक टिकलं ते इथल्या माणसांना कलेचं वेड आहे म्हणून, असं अनेक जण लिहितात. वेड आहेच, त्याबद्दल वाद नाही. पण वेड सांगली-कोल्हापुरातही कमी नव्हतं. आमच्या मते इथे वेडाला धानाचं पंचांग मिळालं.

भाऊबीजेपासून गावोगाव मंडई भरते. मंडई म्हणजे इथे भाजीबाजार नव्हे, गावची जत्रा. पुढे थंडीत शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. मंडई किंवा पट ठरला की घरं सारवली जातात, भिंतींना चुना लागतो, लेकी-जावयांना, सोयऱ्यांना निरोप जातात. आता पाहुणा आला. दिवसभर त्याने बैल पाहिले, बाजार पाहिला. रात्री त्याचं काय करायचं? इतक्या माणसांना झोपायला घरात जागा कुठे? थंडी तर हाडं फोडणारी. तेव्हा नाटक लावायचं, आणि तेही असं की पहाट व्हायला हवी. आम्हाला हे स्पष्टीकरण कुठल्याही सौंदर्यशास्त्रापेक्षा पटतं. नाटक सहा-सात तास का चालतं, याचं एक साधं उत्तर असं आहे की पहिली एसटी सकाळी असते.

आणखी एक. या रात्रींत लग्नं जुळतात. नाटकाच्या निमित्ताने आलेल्या पाहुण्यांत मुलगी दाखवण्याचे, बोलणी पुढे नेण्याचे कार्यक्रम सर्रास होतात. ज्या घरात लग्नाचा मुलगा आहे ते घर गावात नाटक व्हावं म्हणून वर्गणी जरा मोकळ्या हाताने देतं. गावच्या नाटकाला गावाची गरज अशी चारही बाजूंनी लागलेली होती.

नाटक येण्याआधी इथे दंडार होती. खडीगंमत होती, दंडीगान होतं, कीर्तन आणि गोंधळ होता. दंडारीत सोंगं, नाच, गाणी आणि मध्ये एखादा प्रसंग. सगळे पुरुष, बाईचं काम पुरुषच करणार. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी या लोककलांवर आणि झाडीबोलीवर जे काम केलं आहे त्यामुळे आपण आज यावर बोलू शकतो, नाहीतर हा सगळा भाग ‘विदर्भातील इतर लोककला’ अशा एका परिच्छेदात संपला असता. मुद्दा असा की मराठी नाटक या प्रदेशात आलं तेव्हा ते रिकाम्या जागेत आलं नाही. रात्रभर उभं राहून सोंग पाहायची सवय आधीच होती. नाटकाने त्या सवयीत आपली खुर्ची टाकली.

मग मुंबई-पुण्याच्या इतिहासाने हे टिपलं का नाही? एक कारण राजकीय नकाशाचं आहे. चांदा आणि भंडारा हे जिल्हे इंग्रजांच्या काळात मध्य प्रांतात होते, राजधानी नागपूर. स्वातंत्र्यानंतरही १९५६ पर्यंत ते मध्य प्रदेशात होते, मग द्वैभाषिक मुंबई राज्यात, आणि १९६० पासून महाराष्ट्रात. मुंबई इलाख्यातल्या कंपन्यांच्या आठवणी, जाहिराती, वृत्तपत्री परीक्षणं यांवर ज्यांनी इतिहास रचला, त्यांच्या कागदपत्रांत चांदा जिल्ह्यातलं खेडं येणार कुठून? योगायोग बघा, राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ ला गेले ते नागपूर जिल्ह्यातल्या सावनेरला. त्यांचं ‘एकच प्याला’ त्यानंतर रंगभूमीवर आलं, आणि हे नाटक झाडीपट्टीत इतकं मुरलं की इथल्या नटांच्या भूमिकांच्या यादीत ते आजही सापडतं. अत्र्यांचं १९३६ सालचं ‘लग्नाची बेडी’ही तसंच. म्हणजे रस्ता बंद नव्हता. माल येत होता, पावती कुणी फाडत नव्हतं.

आता हौशी काळाकडे येऊ. या काळाची चांगली साधनं म्हणजे हँडबिलं आणि म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी. त्या आठवणींतून एक चित्र पुन्हा पुन्हा येतं. रोवणी आटोपली की गावातली पाच-पंचवीस पोरं आणि बाप्ये एकत्र बसत. नाटक निवडायचं काम बहुधा शाळामास्तरांचं, कारण पुस्तक वाचून दाखवू शकणारा तोच. दिग्दर्शकही तोच, आणि पुष्कळदा खलनायकही तोच. तालीम शाळेच्या खोलीत, कंदिलाच्या उजेडात. ज्यांना वाचता येत नव्हतं ते ऐकून पाठ करत, आणि त्यांचं पाठांतर वाचणाऱ्यांपेक्षा पक्कं असे. बाईच्या कामाला मिसरूड न फुटलेला पोर. पडदे भाड्याने आणायचे : राजवाडा, जंगल, रस्ता आणि गरिबाची झोपडी, या चार पडद्यांत जगातलं कुठलंही नाटक बसवता येई. उजेडाला गॅसबत्त्या. बत्ती विझायला आली की प्रवेश थांबवून हवा भरायची, आणि प्रेक्षक त्यावर कुरकुर करत नसत.

शाळा आणि गाव यांच्यातली भिंत इथे फार पातळ होती, हे लक्षात घ्या. मास्तर दिवसा पाढे शिकवायचे आणि रात्री संवाद. पुढे झाडीपट्टीत जे लेखक झाले त्यांत शिक्षक बरेच आहेत, ते यामुळेच. शाळेला नाट्यविभाग नसेल, पण नाट्यविभागाला शाळा होती.

मग बदल झाला, आणि तो पायरीपायरीने झाला. पहिल्यांदा बाईच्या कामासाठी बाई हवी असं वाटू लागलं. गावातल्या घरची मुलगी मंचावर जाणं शक्य नव्हतं, तेव्हा नागपूरहून नटी आणायची. तिचे पैसे द्यायचे म्हणजे तिकीट लावायचं. तिकीट लावलं की पाहणाऱ्याच्या अपेक्षा वाढल्या : पैसे घेता, मग हा गण्या काय नायक म्हणून दाखवता? मग नायक बाहेरचा. मग विनोदी नट बाहेरचा, कारण तिकीट त्याच्यावर खपतं. मग ऑर्गनवाला, तबलजी, ऑक्टोपॅडवाला. शेवटी गावच्या मंडळाच्या हाती राहिलं ते तिकीटखिडकी, मंडप आणि नारळ. गावातला हौशी नट हळूहळू प्रेक्षकांत जाऊन बसला. हे कुणी ठरवून केलं नाही. प्रत्येक पायरीला कारण होतं आणि प्रत्येक कारण वाजवी होतं.

आणि इथे वडसा येतं.

वडसा वैनगंगेच्या काठी आहे. रेल्वेच्या पाटीवर ‘वडसा’, तालुक्याच्या पाटीवर ‘देसाईगंज’, आणि बोलण्यात सगळीकडे वडसाच. गोंदियाहून नागभीडमार्गे बल्लारपूरकडे जाणारी ही लाईन बंगाल नागपूर रेल्वेने टाकली, आधी नॅरो गेज, नंतर ब्रॉड गेज झाली. गडचिरोली जिल्हा झाल्यावर इतक्या मोठ्या जिल्ह्यात रेल्वे स्टेशन म्हणावं असं कितीतरी वर्षं हे एकच. जिल्ह्याचं ठिकाण गडचिरोली, पण तिथे गाडी जात नव्हती. नदी ओलांडली की ब्रह्मपुरी, म्हणजे चंद्रपूर जिल्हा. वर लाखांदूर, भंडारा जिल्हा. अर्जुनी मोरगाव, गोंदिया जिल्हा. खाली आरमोरी, आत कुरखेडा, त्यापुढे कोरची. चारही जिल्ह्यांची टोकं जिथे एकमेकांना भिडतात तिथे हे गाव आहे, राईस मिलचं, धानाच्या व्यापाराचं. ज्या शेतकऱ्याला धान विकायला वडशाला यायचंच होतं, त्याने त्याच फेरीत नाटकाची तारीखही घेऊन जायची. नागपूरहून येणाऱ्या नटाला उतरायला स्टेशन होतं. रात्री प्रयोगाला निघून सकाळी परत यायला चारी दिशांना रस्ते होते. एवढं जिथे जमून आलं तिथे नाटकवाल्यांनी ऑफिसं टाकली नसती तरच नवल.

आज हंगामाच्या आधी वडशात गेलात तर रस्त्याच्या कडेला नाट्यमंडळांच्या पाट्या ओळीने दिसतात. वर्तमानपत्रांतून पन्नास-साठ मंडळांचा आकडा येतो. नावात कुणी रंगभूमी, कुणी थिएटर्स, कुणी नाट्यकला मंडळ. ऑफिस म्हणजे एक खोली, टेबल, भिंतीवर नव्या नाटकाचं मोठं रंगीत पोस्टर आणि तारखांचं कॅलेंडर. गावच्या मंडळाची चार-सहा माणसं जीपने येतात. चहा होतो. कोणतं नाटक, नायिका कोण, विनोदी कोण, डान्सर किती, यावर घासाघीस होते. मग रक्कम ठरते, इसार दिला जातो, आणि तारीख लागते. ‘तारीख लागली’ हा इथला मोठा शब्द आहे. तारीख लागली की गावात नाटक झाल्यासारखंच.

या व्यवहारातली मेख नीट पाहू. मुंबईत निर्माता नाट्यगृह भाड्याने घेतो, तिकिटं विकतो, आणि प्रेक्षक आले नाहीत तर निर्माता बुडतो. इथे वडशाचं मंडळ आपल्या नाटकाची एका रात्रीची ठोक रक्कम घेतं आणि मोकळं होतं. तिकीट गावचं मंडळ विकतं. खुर्चीचा दर वेगळा, गादीचा वेगळा, खाली बसण्याचा वेगळा. नफा झाला तर गावाचा, तो देवळाला किंवा गावच्या एखाद्या कामाला जातो. तोटा झाला तरी गावाचाच, आणि तो मंडळाच्या पोरांना खिशातून भरावा लागतो. म्हणजे धोका प्रेक्षकाने उचलायचा, अशी ही रंगभूमी आहे. ज्याने धोका उचलला तो तिकीट खपवायला घरोघर जाणारच, सोयऱ्यांना निरोप धाडणारच. आपण मंडपातली गर्दी पाहतो आणि ‘काय हे रसिक!’ म्हणतो. रसिक आहेतच, पण त्यांतले बरेच जण अर्धे निर्माते आहेत.

कलावंतांचा हिशेब वेगळा. तो नाईटवर. आज या मंडळाकडे, उद्या त्या मंडळाकडे. एकाच हंगामात एका नटाच्या डोक्यात सात-आठ नाटकं असू शकतात, आणि समोरची नायिका कालची असेलच असं नाही. तालमी थोड्या. अशा वेळी सगळा डोलारा एका माणसावर उभा असतो, तो म्हणजे प्रॉम्प्टर. विंगेत किंवा मंचापुढच्या खाचेत तो वही घेऊन बसतो आणि रात्रभर वाचतो. शहरातल्या समीक्षकाला इथे पहिला धक्का बसतो तो यामुळे : संवाद आधी खालून ऐकू येतो, मग वरून. प्रेक्षकाला त्याचं काही वाटत नाही. त्याला ठाऊक आहे की वाक्य कुणीही दिलं तरी ते फेकायचं नटालाच आहे, आणि फेकता आलं नाही तर तो शिट्टी मारून कळवतो.

नाटकं कशी असतात, हेही बोलायला हवं, कारण त्यांची चेष्टा फार होते. भडक, रडकी, योगायोगाने भरलेली. सासू, सून, सावकार, दारू, हुंडा, पाटलाचा बिघडलेला मुलगा. गंभीर प्रवेश संपतो न संपतो तोच विनोदी जोडी येते आणि मग एक नाच. चेष्टा करणाऱ्यांना आमचं एवढंच सांगणं की सात तासांचं नाटक थंडीत उघड्यावर बसून पाहा आणि मग रचनेबद्दल बोला. लहान मूल झोपतं, उठतं, म्हातारी चहा पिऊन येते, तरी गोष्टीचा धागा हातात राहायला हवा. त्यासाठी मोठी रेघ ओढावी लागते. शिवाय विषय पाहा. नवरगावच्या सदानंद बोरकरांच्या ‘माझं कुंकू मीच पुसलं’सारख्या नाटकाचं नुसतं नाव वाचलं तरी कळतं की बाईचं दुःख हा इथला मोठा विषय आहे, आणि मंडपात निम्म्याहून अधिक कधीकधी बायाच असतात.

भाषेचा मात्र एक गुंता आहे. नायक-नायिका पुस्तकी मराठी बोलतात, आणि झाडीबोली येते ती विनोदी पात्राच्या तोंडी. झाडीबोलीत ‘ण’ नाही, ‘ळ’ नाही. आपलीच बोली मंचावर आली की मंडप हसतो. हे हसणं ओळखीचं आणि मायेचं आहे, हे खरं. पण प्रेम करायला पुण्याची भाषा आणि पाय घसरून पडायला आपली, ही वाटणी कुणी केली? शाळेने केली, असं आमचं मत. ज्या मास्तरांनी नाटक शिकवलं त्यांनीच वर्गात ‘पानी नाही, पाणी म्हण’ असं शिकवलं होतं.

या विनोदी परंपरेतलं सगळ्यात मोठं नाव म्हणजे डॉ. परशुराम खुणे, कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे. पेशाने शेतकरी. लोक त्यांना झाडीपट्टीचे दादा कोंडके म्हणतात. त्यांच्या प्रयोगांची संख्या पाच हजारांवर सांगितली जाते. ‘एकच प्याला’, ‘लग्नाची बेडी’ इथपासून ‘सिंहाचा छावा’, ‘मरीमायचा भुत्या’, ‘लावणी भुलली अभंगाला’ इथपर्यंत त्यांच्या भूमिकांची यादी जाते, आणि हौशी काळ ते धंद्याचा काळ हा सगळा प्रवास त्या एका यादीत वाचता येतो. २०२३ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्या दिवशी महाराष्ट्रातल्या पुष्कळ लोकांनी झाडीपट्टी हा शब्द पहिल्यांदा ऐकला.

पण याच दहा-पंधरा वर्षांत या रंगभूमीला जे धक्के बसले ते कमी लोकांनी पाहिले. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी आणली. त्या निकालात नाटकाचा उल्लेख असायचं कारण नव्हतं. पण पट थांबला म्हणजे दिवसाचं निमित्त गेलं, पाहुणा कमी झाला, आणि रात्रीच्या तिकिटावर त्याचा भार आला. डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने महाराष्ट्रात अटींवर परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने राज्यांचे कायदे मान्य केले. मधल्या काळात २०२० चा हंगाम करोनाने खाल्ला. ज्याचं पोट नाईटवर आहे त्याने दिवाळी ते होळी घरी बसायचं म्हणजे वर्षच गेलं. त्यात फक्त नट नव्हते. मंडपवाला, गाडीवाला, मेकअपवाला, पडदे रंगवणारा, चहाची टपरी, सगळेच होते.

ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाऊडस्पीकर बंद. राज्य सरकारला वर्षातले मोजके दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते, त्यापलीकडे नाही. आता हा नियम शहरातल्या लग्नाच्या वरातीसाठी योग्यच आहे, आम्हीही त्याच्या बाजूचे आहोत. पण दहा वाजता जे नाटक सुरू होतं त्याने काय करायचं? म्हणून प्रत्येक गावच्या मंडळाला पोलीस ठाण्यात जाऊन परवानगीची विनवणी करावी लागते, आणि नाटक होणार की नाही हे ठाणेदाराच्या मर्जीवर येतं. निवडणूक आली की ते आणखी अवघड. २०२४ मध्ये भाऊबीज ३ नोव्हेंबरला होती आणि विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला. हंगामाचा तोंडचा पंधरवडा आचारसंहितेत. गडचिरोली जिल्ह्यात तर नक्षलवादामुळे रात्रीच्या गर्दीकडे पाहण्याची प्रशासनाची नजर आधीच वेगळी. अशा जंगलातल्या रस्त्याने नटनट्यांच्या गाड्या मध्यरात्री निघतात आणि पहाटे परततात, हा भागही आपण विसरता कामा नये. गाडीच्या अपघाताची भीती तिथे प्रत्येक घराला असते.

आणि एक नवी स्पर्धा गावातच उभी आहे, ‘डान्स हंगामा’. मंडईच्या रात्री दोन-तीन तासांचा नाच, तिकीट स्वस्त, तालमीची गरज नाही. काही वडसेकर म्हणतात की नाटकात नाच वाढवला नसता तर ही वेळ आली नसती. काही म्हणतात, वाढवला म्हणूनच नाटक इतकी वर्षं टिकलं. आम्हाला दुसरं म्हणणं जास्त खरं वाटतं. नाच हवा असलेल्या पोराला नाटकाच्या मंडपात नाच मिळाला, आणि नाच संपल्यावर तो पोर पहाटेपर्यंत तिथेच बसला. उद्या तो बसला नाही, तर त्याच्या शेजारच्या म्हातारीसाठी गावचं मंडळ वडशाला तारीख घ्यायला जाणार नाही.

शेवटचा मुद्दा आमच्या धंद्याचा आहे, म्हणजे इतिहासाचा. या नाटकांतली बहुसंख्य कधी छापली गेलेली नाहीत. लेखक हाताने लिहितो, मंडळ ते घेतं, प्रॉम्प्टरची वही तयार होते, आणि नाटक दोन-तीन हंगाम चालून उतरतं. वही उरते ती प्रॉम्प्टरच्या घरी किंवा ऑफिसच्या कपाटात. त्या वहीत छापील पुस्तकात कधीच नसतं ते असतं : कुठे हशा आला म्हणून वाक्य वाढवलं, कुठल्या नटीसाठी गाणं बदललं, कुठला प्रवेश थंडी फार असली की गाळायचा. वाळवीला आणि पावसाला या वह्या आवडतात. हँडबिलांचं तसंच. तारीख, गाव, मंडळ, नट, तिकिटाचा दर हे सगळं एका चतकोर गुलाबी कागदावर असतं आणि होळीनंतर त्यात कुणीतरी चिवडा बांधतो.

२०११ साली गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ झालं. त्यामुळे या वह्या गोळा करायला आता नागपूर-मुंबईकडे बघत बसण्याचं कारण नाही. काम फार खर्चाचं नाही. हंगाम संपला की एप्रिल-मेमध्ये वडशाची ऑफिसं रिकामी असतात, मालकाला वेळ असतो, कपाट उघडायला त्याची ना नसते. दोन विद्यार्थी आणि एक बरा कॅमेरा असलेला मोबाईल, एवढ्यात एका मंडळाच्या वह्यांची पानं उन्हाळ्यात टिपून होतील. विद्यार्थी झाडीपट्टीतलेच घ्यावेत, म्हणजे वहीतली अक्षरं आणि बोली दोन्ही वाचता येतील. आज श्रोत्यांत त्या भागातले कुणी शिक्षक असतील तर हायस्कूलची नववी-दहावीची पोरंही हे करू शकतात. आधी आपल्याच गावच्या मंडळाच्या जुन्या हिशेबवह्या काढाव्यात : कुठल्या साली कुठलं नाटक, वडशाला किती दिले, तिकिटाचे किती आले, खिशातून किती भरले, आणि त्या साली गावातल्या कुणी काम केलं होतं का.

आम्ही इथे थांबतो. प्रश्न घेऊ.